‘असं म्हणाली’ आणि ‘हे माहीत होतं’ : मौखिक इतिहासाची टिपणं घेणाऱ्यांसाठी थोडं व्याकरण

व्याकरण हा माझा विषय नाही. माझी बरीच वर्षं स्थापत्य अभियंता म्हणून बांधकामावर गेली. इतिहासाकडे मी चाळिशी उलटल्यावर वळलो, तेही कुणा गुरूजवळ न शिकता. तरीही हा लेख व्याकरणावर आहे. कारण माझ्या हातून एक चूक झाली, आणि शोधत गेल्यावर कळलं की ती चूक इतिहासाच्या माहितीतली नव्हती, वाक्याच्या बांधणीतली होती. मंडळातल्या नव्या टिपणकारांना ती टाळता यावी म्हणून हे लिहितो आहे.

एका विहिरीची गोष्ट

तिगावच्या परिसरात एक जुनी बांधीव विहीर आहे. काही वर्षांपूर्वी मी तिची मापं घ्यायला गेलो होतो. शेजारच्या घरातल्या एका म्हाताऱ्या आजींनी बसायला खाट टाकली, आणि विहिरीबद्दल बोलू लागल्या. मी ऐकलं, घरी येऊन वहीत टिपण लिहिलं, आणि पुढच्या बैठकीत ते वाचून दाखवलं. त्यात माझं वाक्य होतं : ‘ही विहीर भोसल्यांच्या काळात खोदली गेली, हे गावात सर्वांना माहीत आहे.’

पुढे गावाच्या माहितीची एक छोटी पुस्तिका निघाली. ती तयार करणाऱ्याने माझं टिपण पाहिलं होतं. त्यात छापून आलं : ‘गावातील भोसलेकालीन विहीर.’

गेल्या वर्षी मी पुन्हा तिथे गेलो. विहिरीचा काळ नीट ठरवावा, दुसरा साक्षीदार मिळतो का बघावं, असा विचार होता. पारावर बसलेल्या एका आजोबांना विचारलं. ते म्हणाले, ‘हो, भोसल्याचीच हाय. पुस्तकात लिहिलं हाय ना!’

मी मनातल्या मनात हिशोब केला. आजोबांचा आधार पुस्तिका, पुस्तिकेचा आधार माझं टिपण, आणि माझ्या टिपणाचा आधार आजी. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो फिरून माझ्यापाशीच आला. आजी तोवर वारल्या होत्या. नशीब एवढंच, की त्या दिवशी मी मोबाईल चालू ठेवला होता. जुनं रेकॉर्डिंग शोधून काढलं. आजींचे शब्द असे होते :

‘माह्या सासऱ्याचा बाप सांगे का हे विहीर भोसल्याच्या शिपायायनं खंदली म्हणे. पन माहा बाप म्हने का मालगुजारानं खंदवली, दुकाळात. कोनाले मालूम, बापा!’

आजी म्हणाल्या ‘कोनाले मालूम’, आणि मी लिहिलं ‘सर्वांना माहीत आहे’. शिवाय मालगुजाराची आणि दुष्काळाची गोष्ट मी टाकूनच दिली होती. ती मुद्दाम लपवली नव्हती. पण पहिलं वाक्य मी अशा साच्यात ओतलं, की दुसऱ्याला त्यात जागाच उरली नाही.

हा फरक किरकोळ नाही. भोसल्यांचं नागपूरचं राज्य १८५३ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. मालगुजारांना गावाची मालकी मिळाली ती इंग्रजी बंदोबस्तात, १८६० च्या दशकात. आणि मध्य प्रांतातले मोठे दुष्काळ १८९६–९७ आणि १८९९–१९०० चे. म्हणजे आजींच्या दोन गोष्टींत कमीत कमी दहा-पंधरा वर्षांचं, आणि बहुधा चाळीस-पन्नास वर्षांचं किंवा जास्तच अंतर आहे. एकीत विहीर फौजेची, दुसरीत उपाशी मजुरांची.

दोन वाक्यं

आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा :

१. विहीर भोसल्यांनी खोदली असं आजी म्हणाल्या.
२. विहीर भोसल्यांनी खोदली हे आजींना माहीत होतं.

शाळेत आपण ‘मिश्र वाक्य’ शिकलो : एक प्रधान वाक्य, एक गौण वाक्य. गौण वाक्य नामाचं काम करत असेल तर ते नामवाक्य. त्या हिशोबाने वरच्या दोन्हींत ‘विहीर भोसल्यांनी खोदली’ हे नामवाक्यच आहे. परीक्षेत दोन्हींना सारखेच गुण मिळतील. शालेय व्याकरण दोघांना एकाच पोत्यात भरतं.

पण इतिहास लिहिणाऱ्यासाठी ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात विहिरीबद्दलचं विधान आजींचं आहे. ते खोटं निघालं तरी माझं वाक्य खरंच राहतं, कारण आजी तसं म्हणाल्या एवढंच मी सांगितलं. दुसऱ्यात विधान आजींचं नाही, माझं आहे. भोसल्यांनी विहीर खोदली हे मी आधीच मान्य करून टाकलं, आणि ते आजींना ठाऊक होतं एवढीच नवी माहिती दिली. विहीर दुष्काळातली निघाली तर हे वाक्य कोसळतं.

बांधकामावर मोजमाप पुस्तक असतं. ज्याने फीत लावून माप घेतलं, त्याची सही त्यात असते. दुसऱ्याने तोंडी सांगितलेलं माप स्वतः घेतल्यासारखं लिहून खाली सही ठोकली, तर उद्या जबाबदार कोण? सही करणारा. दुसरं वाक्य म्हणजे न घेतलेल्या मापाखाली केलेली सही आहे.

हॅलिडे काय म्हणतात

हा फरक नावं देऊन मांडला तो मायकल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञांनी (१९२५–२०१८). त्यांच्या पद्धतीला कार्यलक्ष्यी व्याकरण म्हणता येईल. वाक्याचे भाग नुसते कसे जुळतात यापेक्षा ते कोणतं काम करतात, यावर तिचा भर आहे. त्यांचं ‘ॲन इंट्रोडक्शन टू फंक्शनल ग्रामर’ हे पुस्तक पहिल्यांदा १९८५ मध्ये आलं. त्यातली उदाहरणं इंग्रजी आहेत. खाली मी ती विचारसरणी मराठीला लावून पाहिली आहे, त्यात काही चुकलं तर दोष माझा.

हॅलिडेंचा मुद्दा थोडक्यात असा. काही वाक्यं जगाबद्दल बोलतात, तर काही वाक्यं कुणाच्या तरी बोलण्याबद्दल किंवा विचाराबद्दल बोलतात. भिंतीवर चित्र फेकावं तसं एक वाक्य दुसऱ्या वाक्याला समोर फेकतं. याला ते प्रक्षेपण म्हणतात. ‘आजी म्हणाल्या’ हा फेकणारा भाग आणि ‘विहीर भोसल्यांनी खोदली’ हा फेकलेला. बोलणं असो की वाटणं, फेकणारा माणूस तिथे उभा असतो. अशा फेकलेल्या भागाला आपण ‘कथन’ म्हणू.

दुसऱ्या प्रकारात फेकणाराच नसतो. ‘विहीर जुनी आहे हे उघड आहे’, ‘विहीर बुजली याचं वाईट वाटतं’ ही वाक्यं घ्या. विहीर जुनी आहे असं कोण म्हणालं? कुणीच नाही. ‘उघड असणं’ काही बोलत नाही. विहीर बुजली हे माझ्या वाईट वाटण्यातून निघालेलं नाही. ते आधी होतं, वाईट नंतर वाटलं. म्हणजे हा भाग आधीच बांधून तयार केलेल्या गाठोड्यासारखा वाक्यात येऊन बसतो. अशा आत बसलेल्या भागाला हॅलिडे ‘फॅक्ट’ म्हणतात. आपण ‘तथ्य’ म्हणू.

इथेच एक मोठा खड्डा आहे. व्याकरणातलं तथ्य म्हणजे खरी गोष्ट नव्हे. ‘विहीर भोसल्यांनी खोदली याचा पुरावा नाही’ या वाक्यातही विहिरीचा भाग व्याकरणाने तथ्यच आहे, पण वाक्य त्याला खरं म्हणत नाही. तथ्य याचा अर्थ इतकाच, की या भागाला बोलणारा धनी नाही. आणि धनी नसलेली वस्तू वाचणारा लिहिणाऱ्याची समजतो.

ओळखायचं कसं

मराठीची एक सोय फार मोठी आहे. गौण वाक्य आधी आलं की त्याच्या शेवटी आपण एक छोटा शब्द लावतो. कथनाला ‘असं’ (जुन्या बोलीत ‘म्हणून’), आणि तथ्याला ‘हे’ (किंवा त्याची रूपं : याचं, याला, यावर). ‘असं’ म्हणजे ‘अशा प्रकारचं काहीतरी’. तो बोलण्याचा नमुना दाखवतो. ‘हे’ म्हणजे समोर ठेवलेली वस्तू. तो बोट दाखवतो.

पहिली कसोटी हीच. ‘विहीर जुनी आहे असं वाटतं’ बरोबर. ‘विहीर जुनी आहे हे वाटतं’ कानाला खटकतं. ‘विहीर जुनी आहे हे खरं’ बरोबर. ‘विहीर जुनी आहे असं खरं’ कुणी बोलणार नाही. ‘हे आजींनी मला सांगितलं’ असंही आपण बोलतो, हे मान्य. पण तसं म्हटलं की ऐकणारा काय समजतो? आजींनी एक खरी गोष्ट उघड केली, असंच समजतो. ‘हे’ आलं, की सांगणंही तथ्याकडे झुकतं.

दुसरी कसोटी : मधे ‘ही गोष्ट’ घालून पाहा. ‘विहीर जुनी आहे ही गोष्ट सगळे विसरले’ चालतं. ‘विहीर जुनी आहे ही गोष्ट मला वाटते’ चालत नाही. जिथे ‘ही गोष्ट’ सहज बसते, तिथे तथ्य.

तिसरी कसोटी नकाराची. पॉल आणि कॅरल किपार्स्की यांनी १९७० साली ‘फॅक्ट’ याच नावाच्या लेखात ती नीट मांडली. ‘विहीर भोसल्यांनी खोदली हे आजींना माहीत नव्हतं.’ वाक्य नकारी झालं, तरी विहीर भोसल्यांचीच राहिली. आता ‘विहीर भोसल्यांनी खोदली असं आजी म्हणाल्या नाहीत.’ इथे विहीर कुणाची, याबद्दल काहीच कळत नाही. नकार देऊनही जे जागचं हलत नाही, ते लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं.

चौथी कसोटी : बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे घालता येतात का? ‘आजी म्हणाल्या, कोनाले मालूम, बापा!’ इथे घालता येतात, कारण तोंड आहे. ‘आजींना माहीत होतं’ याच्यापुढे आजींचे शब्द बसत नाहीत.

एक खुलासा करायला हवा. ‘माहीत असणं’ या अर्थाचं इंग्रजी क्रियापद दोन्हीकडे झुकतं, आणि त्यावर भाषाशास्त्रज्ञांची चर्चा चालू असते. मराठीत मात्र ‘हे’ लागल्यामुळे झुकाव उघड दिसतो. ‘विहीर जुनी आहे असं माहीत होतं’ हे आपण फार तर ‘पण तसं नव्हतं’ म्हणायचं असेल तेव्हाच बोलतो.

एकच क्रियापद, दोन अर्थ

हा फरक निव्वळ पुस्तकी वाटत असेल, तर पुढच्या जोड्या बघा. क्रियापद तेच आहे, बदलला तो फक्त छोटा शब्द.

‘विहीर शंभर वर्षांची आहे असं समजतं’ म्हणजे कुठून तरी बातमी आली. ‘विहीर शंभर वर्षांची आहे हे समजतं’ म्हणजे कळून चुकलं, आता वाद नाही.

‘आधी विटा होत्या असं दिसतं’ म्हणजे अंदाज. ‘आधी विटा होत्या हे दिसतं’ म्हणजे डोळ्यांपुढे आहे, या आणि बघा.

‘इथे बाजार भरत होता असं कळतं’ ही वर्तमानपत्राची भाषा. ‘इथे बाजार भरत होता हे कळतं’ म्हटलं, की लगेच ‘कशावरून?’ असा प्रश्न येतो, आणि आपल्याला पुरावा दाखवावा लागतो.

मंडळातल्या जुन्या टिपणांत मी या तीन क्रियापदांवर लाल पेन्सिलने खुणा केल्या. माझ्याच टिपणांत सात-आठ ठिकाणी ‘असं दिसतं’ चं दोन पानांनंतर ‘हे आपण पाहिलं’ झालेलं सापडलं. मधे नवा पुरावा काहीही आला नव्हता. पानं उलटली, एवढंच.

नामं लावली की

‘की’ किंवा ‘असं’ याऐवजी एखादं नामही हे काम करतं. इथे नाम कोणतं ते बघायचं. ‘असा दावा’, ‘अशी अफवा’, ‘अशी समजूत’ यांमागे दावा करणारा, अफवा उठवणारा, समजणारा माणूस आहे. ही कथनाची नामं. ‘ही वस्तुस्थिती’, ‘याचा पुरावा’ यांमागे बोलणारा नाही. ही तथ्याची नामं.

हॅलिडे तथ्याच्या नामांचे चार गट करतात : वस्तुस्थिती सांगणारी, शक्यता सांगणारी, पुरावा सांगणारी, आणि गरज किंवा बंधन सांगणारी. मराठी मात्र थोडी वेगळी वागते. आपण ‘ही शक्यता’ पेक्षा ‘अशी शक्यता आहे’ म्हणतो. म्हणजे शक्यतेला मराठी कथनासारखं सैल धरते, हातात घट्ट देत नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं.

या गटांचा उपयोग आपल्या भागाच्या इतिहासात रोज होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला तेव्हाचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. ही वस्तुस्थिती, कायद्यात लिहिलेली. ‘सौसर आणि पांढुर्णा मराठी भागाबरोबर जायला हवे होते, असं अनेक जण म्हणत’ हे कथन, म्हणणारे शोधता येतात. आणि ‘सौसर-पांढुर्ण्यावर झालेला अन्याय’ या तीन शब्दांत काय आहे? त्यात जायला हवं होतं हे बंधनही आलं, ते मोडलं हेही आलं, आणि बोलणारा कुठेच नाही. तुम्ही त्या मताचे असाल किंवा नसाल. पण टिपणात हे तीन शब्द आले, की पुढचा वाचक चर्चेच्या शेवटापासून वाचायला सुरुवात करतो.

‘ल्याचे’ची उतरती पायरी

छापील मराठीत आणखी एक रूप आहे : ‘विहीर भोसल्यांनी खोदल्याचे आजींनी सांगितले.’ बातम्यांची ही आवडती बांधणी. तिच्यात अडचण अशी, की ‘असं’ आणि ‘हे’ दोन्ही गळतात. ‘खोदल्याचे सांगितले’ आणि ‘खोदल्याचे माहीत होते’ यांत गौण भागाचं रूप एकच. फरक फक्त शेवटच्या क्रियापदावर लटकलेला. ते क्रियापद बदललं की संपलं. माझ्या विहिरीचा प्रवास याच पायऱ्यांनी झाला :

१. सासऱ्याचा बाप सांगे का भोसल्याच्या शिपायायनं खंदली म्हणे.
२. विहीर भोसल्यांनी खोदली असं आजी म्हणाल्या.
३. विहीर भोसल्यांनी खोदल्याचे सांगितले जाते.
४. विहीर भोसल्यांच्या काळात खोदली गेली, हे सर्वांना माहीत आहे.
५. भोसलेकालीन विहीर.

पहिल्या पायरीवर दोन तोंडं आणि एक ‘म्हणे’ आहे. दुसरीवर एक तोंड. तिसरीवर तोंड नाही, पण सांगणं आहे. चौथीवर सांगणंही गेलं, तथ्य झालं. पाचवीवर वाक्यच उरलं नाही, एक विशेषण उरलं. वाक्याला ‘नाही’ म्हणता येतं, पण ‘भोसलेकालीन’ या शब्दाला कोण कसं ‘नाही’ म्हणणार? प्रत्येक पायरीवर भाषा जास्त शुद्ध, जास्त छापील झाली. माहितीत मात्र एका दाण्याची भर पडली नाही. उलट, मालगुजार आणि दुष्काळ वाटेतच सांडले.

यात ‘म्हणे’ आधी गळतो, कारण तो लिहिण्यात गावंढळ वाटतो. पण ‘मी पाहिलं नाही, ऐकलं आहे’ हे दोन अक्षरांत सांगणारा इतका नेमका शब्द सोडू नये. आपल्याकडे आणखी एक गळती आहे. इथली सरकारी कागदपत्रं हिंदीत. मराठीतली साक्ष हिंदीत उतरवताना ‘म्हणे’ साठी चटकन शब्द सापडत नाही. ‘कहते हैं’ लिहावं, तर वेगळं वाक्य करावं लागतं. घाईत ते राहून जातं.

आणि ‘की’ बद्दल एक सावधगिरी, जो आपल्या बोलीत ‘का’ होतो. मराठीत दुसऱ्याचं बोलणं सांगताना आपण काळ आणि पुरुष बहुतेक बदलत नाही. ‘आजी म्हणाल्या का मी पायलं’ यातला ‘मी’ आजी की सांगणारा? समोर बसलेल्याला हातवाऱ्यांवरून कळतं, कागदावर कळत नाही. तिथेच विचारून घ्यावं.

जुन्या कागदांतलं ‘म्हणोन’

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते. मोडी कागदांत विरामचिन्हं नसत, शब्दही तोडून लिहीत नसत. अवतरणचिन्हांचा तर प्रश्नच नाही. मग दुसऱ्याचं बोलणं कुठे संपलं हे कळायचं कसं? त्यासाठी ‘म्हणोन’ होता. पत्राचं उत्तर लिहिताना आधी समोरच्याने लिहिलेला मजकूर सांगायचा, आणि ‘म्हणोन लिहिलें तें कळलें’ असं लिहून तो बंद करायचा. तिथून पुढे लिहिणाऱ्याचं स्वतःचं.

वतनाच्या आणि इनामाच्या कागदांत तर हे फार महत्त्वाचं. ‘हुजूर येऊन विदित केलें कीं’ इथून अर्जदाराचं म्हणणं सुरू होतं : आमचं वतन जुनं, अमक्याने बळकावलं, वगैरे. मग कुठेतरी ‘मनास आणितां’ किंवा त्यासारखे शब्द येतात, म्हणजे सरकारने चौकशी केली. त्यानंतरचं ते सरकारचं म्हणणं. नवशिका वाचक पहिल्या भागातलं वाक्य उचलतो आणि लिहितो, ‘या घराण्याचं वतन पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं, हे अस्सल कागदावरून सिद्ध होतं.’ कागद अस्सल आहे हे खरं. पण त्यावरून सिद्ध होतं ते एवढंच, की अर्जदाराने तसं सांगितलं. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना बखरींपेक्षा अस्सल कागदांवर भर द्यायला शिकवलं. पण अस्सल कागदातही कथन आणि तथ्य वेगळं करावंच लागतं.

गोटमारीचं उदाहरण

आता घराजवळचं, जरा नाजूक उदाहरण. पांढुर्ण्याची गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होते. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठाने पांढुर्णा आणि दुसऱ्या काठाने सावरगाव, आणि दगड चालतात. दरवर्षी माणसं जखमी होतात, काहींचे जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण दगड थांबले नाहीत. हे सारं पाहिलेलं, नोंदलेलं आहे.

ती का सुरू झाली, याच्या गोष्टी वेगळ्या. एक सांगतात, पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीत अडकले, आणि दोन्हीकडून दगड आले. दुसरी सांगतात, भोसल्यांच्या सैन्याच्या सरावातून ती निघाली. या दोन्ही ‘सांगतात’ च्या गोष्टी. पण बातमीत वाक्य येतं : ‘प्रेमी युगुलाच्या स्मरणार्थ होणारी गोटमार.’ ‘स्मरणार्थ’ या एका शब्दात जोडपं होतं, ते मेलं, आणि लोकांना ते आठवतं, अशी तीन विधानं बसली. एकालाही तोंड नाही. सैन्याची गोष्ट सरळ बाहेर पडली.

मी कोणाच्या श्रद्धेवर बोलत नाही. चंडीमातेला नमस्कार करूनच लोक पात्रात उतरतात, हे मी पाहिलं आहे. पण ज्या प्रथेत माणसाचा डोळा किंवा जीव जातो, तिच्या कारणाची गोष्ट कथन म्हणून लिहिली तर तिच्यावर बोलता येतं : कोण सांगतं, कधीपासून सांगतं, दुसरं काय सांगतात. तथ्य म्हणून लिहिली, तर बोलणं तिथेच बंद होतं.

देवगडच्या जाटबा राजाचंही असंच. जाटबा होता, आणि त्याचा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘आईने अकबरी’त आहे. तो शेंगांच्या वेलाखाली जन्मला आणि नागाने त्याच्यावर फणा धरला, ही लोकांनी सांगितलेली गोष्ट. दोन्ही जपायच्या, पण एका वाक्यात शिजवायच्या नाहीत.

टिपण कसं घ्यावं

सांगितलेलं सगळं टाकून द्यावं, असा माझा अर्थ मुळीच नाही. आपल्या भागाचा अर्धा इतिहास ‘म्हणे’ मध्येच आहे. कथन हाही पुरावाच असतो, फक्त तो ‘लोक काय सांगत होते’ याचा पुरावा असतो. आजींच्या दोन गोष्टींवरून विहिरीचा काळ ठरला नाही, पण एक कळलं : सासरच्या घरात फौजेची आठवण चालत आली, आणि माहेरच्या घरात दुष्काळाची. हेही इतिहासातच जमा आहे. मी तेच पुसलं होतं.

मी आता वहीला तीन रकाने पाडतो. पहिल्यात सांगणाऱ्याचे शब्द, त्याच्याच बोलीत, ‘म्हणे’ आणि ‘कोनाले मालूम’ सकट. दुसऱ्यात त्याने ते कुणाकडून ऐकलं : सासऱ्याचा बाप, स्वतःचा बाप, पुस्तक. तिसऱ्यात मी स्वतः काय पाहिलं किंवा मोजलं. पहिल्या दोन रकान्यांत ‘असं’, तिसऱ्यात ‘हे’. पहिल्यातून तिसऱ्यात काही न्यायचं असेल, तर कोणत्या आधाराने नेलं ते आणि तारीख लिहितो.

लेख तपासताना मी एकच काम करतो. प्रत्येक ‘हे’, ‘याचा’, ‘ही गोष्ट’, ‘-कालीन’, ‘-स्मरणार्थ’ यापाशी थांबतो आणि विचारतो : हे कोण म्हणालं? उत्तर मिळालं, तर ‘असं’ करून त्याचं नाव घालतो. ‘मी मोजलं’ हे उत्तर असेल, तर ‘हे’ राहू देतो. उत्तरच नसेल, तर वाक्य काढतो.

विहिरीची नोंद मी मंडळाच्या वहीत दुरुस्त केली आहे. ती आता अशी आहे : ‘विहीर भोसल्यांच्या शिपायांनी खोदली असं सासरकडून, आणि मालगुजाराने दुष्काळात खोदवली असं माहेरकडून ऐकल्याचं एका आजींनी सांगितलं. खरं काय ते माहीत नाही, असंही त्या म्हणाल्या. विहीर दगडी बांधणीची आहे, हे मी पाहिलं आहे.’ पुस्तिका काढणाऱ्यालाही मी हे कळवलं. पारावरच्या आजोबांना रेकॉर्डिंग ऐकवलं. आजींचा आवाज त्यांनी लगेच ओळखला. दुष्काळाचं ऐकून थोडा वेळ गप्प बसले, आणि मग म्हणाले, ‘माही मायही तसंच काही सांगे. पन पुस्तकात नव्हतं म्हणून मी बोललो नाही.’

त्यांची गोष्ट आता पहिल्या रकान्यात आहे. तुमच्या गावात अशी न बोललेली किती माणसं आहेत, ती शोधायला हवीत.